क्रूसापर्यंतची वाट : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

नाताळचा सण आला की वसईच्या वाड्यावाड्यांतून गवताने शाकारलेले नाताळगोठे उभे राहतात. केळीच्या बागांतून आणि फुलशेतीच्या बांधांवरून फिरणाऱ्या वाटसरूला घरोघरी ताऱ्याच्या आकाराचे कंदील लुकलुकताना दिसतात आणि प्रत्येक गोठ्यात गव्हाणीतल्या गवतावर निजलेली बाळ येशूची मूर्ती दिसते. या देखाव्यातील गोडवा लहानथोर सर्वांनाच मोहवितो. तथापि त्यामागील कथा सुखाची नाही. बेथलेहेम नगरीत दिवस भरलेल्या एका मातेला धर्मशाळेचे दार बंद झाले, म्हणून जगाच्या तारणाऱ्याला गुरांच्या गव्हाणीत जन्म घ्यावा लागला, अशी ती कथा आहे. आपल्या घरातील आबालवृद्धांना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आपला भगवंतही कारागृहाच्या अंधारात, पहारेकऱ्यांच्या वेढ्यात जन्मला आणि त्याच रात्री त्याला भरल्या यमुनेतून न्यावे लागले, हे आपण दरवर्षी गोकुळाष्टमीला ऐकतो. परमेश्वराला जगात यावयाचे असते तेव्हा तो बहुधा मानवाने बंद केलेल्या दाराशीच प्रथम उभा राहतो, ही जाणीव दोन्ही परंपरांनी जपली आहे.

या नाताळच्या निमित्ताने आपल्याच भूमीत जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र वाचकांसमोर ठेवावयाचे आहे. त्याच्याही आयुष्यात एक दार बंद झाले होते. ते का बंद झाले, याचे उत्तर त्याला अनेक वर्षे मिळाले नाही. पुढे मिळाले, ते समुद्रापार एका टेकडीवर आणि क्रूसाच्या रूपाने. कॅथॉलिक धर्मसभेने ज्यांना संतपद दिले त्यांत भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून ज्यांची गणना होते, ते हे वसईचे गोन्सालो गार्सिया होत.

जन्मभूमी

वसई हे स्थळ नाना स्मृतींनी भारलेले आहे. उत्तरेस विरारच्या डोंगरावर जीवदानी मातेचे स्थान, पूर्वेस तुंगारेश्वराचे अरण्य, मध्ये निर्मळ येथे शंकराचार्यांची समाधी व कार्तिक महिन्यात भरणारी तेथील यात्रा, आणि दक्षिणेस खाडीच्या मुखाशी समुद्राकडे तोंड करून उभा असलेला किल्ला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, तेथे पोर्तुगीज अंमल होता.

तो काळ आपल्या पूर्वजांना सुखाचा गेला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. देवळे पडली, धर्माचरणावर बंधने आली आणि राजसत्तेच्या बळावर धर्मप्रसार झाला. चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई जिंकली तेव्हा त्या विजयाचा आनंद साऱ्या महाराष्ट्राला झाला, तो या वेदनेमुळेच. त्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा आपल्या देवळांत आल्या. भीमाशंकराच्या क्षेत्री आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्या आजही भाविकांना पाहावयास मिळतात. आपण ज्यांचे चरित्र पाहणार आहोत ते गोन्सालो या साऱ्या इतिहासाच्या मधोमध जन्मले. सत्ताधाऱ्यांच्या धर्मात ते जन्मले खरे, परंतु सत्ताधाऱ्यांनी त्यांना पूर्णतः आपले कधीच मानले नाही.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. वडील पोर्तुगीज आणि माता वसईच्याच मातीतील, असे त्यांचे बहुतेक चरित्रकार सांगतात. किल्ल्याच्या तटाच्या आत जेज्विट, म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंची पाठशाळा होती. सेबास्तियांव गोन्साल्विस नावाच्या धर्मगुरूच्या हाताखाली मुलाचे शिक्षण सुरू झाले. मुलगा बुद्धिमान होता आणि स्वभावाने सालस होता. देवाच्या सेवेत आयुष्य घालवावे ही ओढ त्याला त्या वयातच लागली. धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ मध्ये जपानच्या भूमीवर पाऊल ठेवले होते. त्यांच्या पायवाटेने जाणाऱ्या धर्मगुरूंच्या तुकड्या आता वसई व गोव्याहून पूर्वेकडे निघत असत. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास गोन्सालो अशाच एका तुकडीबरोबर जहाजात चढले आणि वसईचा किनारा मागे पडला.

न उघडलेले दार

मलाक्का आणि मकावमार्गे होणारा तो प्रवास महिनोन्‌महिने चाले. वादळे, रोगराई आणि चाचे यांच्या तडाख्यातून जो उतरेल त्याने देवाचे आभार मानावेत, अशी स्थिती होती. गोन्सालो जपानात पोहोचले आणि तेथील धर्मगुरूंचे साहाय्यक म्हणून कामास लागले. जपानी भाषा परकीयांना फार कठीण जाते. अनेक विद्वान धर्मगुरू आयुष्यभर तिच्याशी झगडत राहिले. गोन्सालो मात्र कोवळ्या वयाचे होते. मुले, कोळी, शेतकरी, बाजारातील व्यापारी या सर्वांच्या तोंडून त्यांनी ती भाषा उचलली आणि थोड्याच अवधीत तेथील लोक त्यांना आपल्यातील एक समजू लागले. धर्मोपदेशकाचे काम त्यांनी सुमारे आठ वर्षे केले.

या आठ वर्षांत त्यांची एकच इच्छा होती. ज्या संघाची सेवा आपण करतो त्या संघाने आपल्याला व्रतस्थ बंधू म्हणून स्वीकारावे, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यांनी ते मांडले, वाट पाहिली, पुन्हा मांडले. दार उघडले नाही. त्या काळी भारतीय वा मिश्र वंशाच्या माणसाला युरोपीय धर्मसंघात प्रवेश मिळणे अत्यंत दुर्मीळ होते. सेवा स्वीकारली जाई, घाम स्वीकारला जाई, परंतु पंक्तीत पान मांडले जात नसे.

ही व्यथा महाराष्ट्राला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभे राहून चोखोबांनी जे सोसले ते आपण जाणतो. ज्या देवासाठी जीव तळमळतो त्याच्याच दारी माणसांनी आडवा हात धरावा, याहून मोठे दुःख भक्ताला नसते. अशा वेळी दोन मार्ग समोर येतात. भक्ताने कडवट होऊन देवाकडेच पाठ फिरवावी, हा एक. माणसांनी केलेला अन्याय अन्यायच आहे असे ओळखूनही, त्यापलीकडे देव काय घडवू पाहतो याची धीराने वाट पाहावी, हा दुसरा. चोखोबा दुसऱ्या मार्गाने गेले. गोन्सालोही त्याच मार्गाने गेले.

व्यापाराची वर्षे

त्यांनी संघाचे काम सोडले आणि ते व्यापारात शिरले. भाषा अवगत होती, माणसांची पारख होती, शब्दाला किंमत होती. त्यांचा व्यापार वाढला. पूर्वेकडील बंदरांतून त्यांची ये-जा सुरू झाली आणि पैसाही हाती आला. जगाच्या दृष्टीने पाहिले तर नकाराने त्यांचे भलेच झाले होते. परंतु ज्याच्या अंतरी एकदा देवाची ओढ रुजली त्याला भरलेल्या पेढीने समाधान होत नाही. आपल्या तुकोबांच्या चरित्रातही पेढी, दुष्काळ, देणे-घेणे आणि वैराग्य यांची अशीच गुंफण आहे. तुकोबांचा व्यापार बुडाला आणि ते विठ्ठलाकडे वळले. गोन्सालोंचा व्यापार चालला आणि तरीही ते वळले. देवाला दोन्ही वाटा ठाऊक असतात.

मात्र ही व्यापाराची वर्षे वाया गेली असे जो म्हणेल तो घाई करील. मठाच्या चार भिंतींत राहून जी भाषा शिकता आली नसती ती ते या काळात शिकले. दरबारी अधिकाऱ्यांशी कसे बोलावे, बंदरावरील हमालाशी कसे बोलावे, सौदा कोठे ताणावा आणि कोठे सोडावा, जपानी सौजन्याच्या शेकडो सूक्ष्म रीती कशा पाळाव्यात, हे सारे ज्ञान त्यांनी पोटासाठी म्हणून मिळविले होते. त्याचा उपयोग पुढे कशासाठी होणार आहे, याची त्यांना त्या वेळी कल्पनाही नव्हती.

फिलिपाइन बेटांतील मनिला या नगरीत त्यांची गाठ फ्रान्सिस्कन बंधूंशी पडली. असिसीच्या संत फ्रान्सिसने तेराव्या शतकात स्थापिलेला हा संघ होय. त्याचे अनुयायी जाडेभरडे वस्त्र नेसत, कमरेला दोर बांधत, अनवाणी चालत, भिक्षेवर राहत आणि रोग्यांची सेवा करीत. आपल्याकडील विरक्त साधूंची आठवण व्हावी अशीच ती जीवनरीत होती. गोन्सालोंनी व्यापार आवरला आणि या बंधूंच्या दारावर थाप मारली. हे दार उघडले. १५८८ मध्ये त्यांनी व्रते घेतली. दीक्षित धर्मगुरू म्हणून नव्हे, तर सामान्य सेवक बंधू म्हणून त्यांना स्वीकारण्यात आले, आणि त्यांना तेवढेच हवे होते.

दुभाषाचे कार्य

त्या वेळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी या पराक्रमी पुरुषाच्या हाती होती. सामान्य घरात जन्मून तो साऱ्या देशाचा सूत्रधार झाला होता. परकीय धर्माविषयी त्याच्या मनात संशय होता आणि १५८७ मध्ये त्याने धर्मप्रसारकांना देश सोडण्याचा हुकूमही काढला होता, परंतु त्याची अंमलबजावणी कडकपणे झाली नव्हती. पुढे त्याची दृष्टी फिलिपाइन बेटांकडे वळली आणि त्याने तेथील स्पॅनिश सत्तेने आपल्यापुढे नमावे अशी मागणी केली. मनिलाचा गव्हर्नर चिंतेत पडला. शिष्टमंडळ पाठविणे भाग होते. फ्रान्सिस्कन बंधू पेद्रो बाप्तिस्ता यांची त्यासाठी निवड झाली. ते विद्वान होते, धीराचे होते, पण जपानी भाषेचा एक शब्दही त्यांना येत नव्हता.

येथे गोन्सालोंच्या आयुष्याचे विखुरलेले धागे एकत्र आले. ज्याला जपानी जनजीवनाची नस माहीत आहे, दरबारी रीत ठाऊक आहे आणि ज्याच्या निष्ठेविषयी शंका नाही, असा मनुष्य मनिलात त्यांच्यासारखा दुसरा कोण होता? पहिले दार उघडले असते तर ते त्या संघाच्या एखाद्या मठात राहिले असते. व्यापारात पडले नसते तर मनिलास आले नसते. नकाराच्या आणि भटकंतीच्या वर्षांनीच त्यांना या कार्यासाठी घडविले होते. १५९३ मध्ये हे शिष्टमंडळ जपानात उतरले आणि हिदेयोशीपुढे उभे राहिले. राजदूत अनवाणी, ठिगळाच्या वस्त्रात, आणि त्यांचा शब्द जपानी भाषेत मांडणारा वसईचा सेवक बंधू, असे ते दृश्य होते. हिदेयोशीने त्यांना देशात राहण्याची अनुज्ञा दिली.

क्योटो या राजधानीत १५९४ मध्ये त्यांनी एक लहानसे चर्च बांधले आणि त्याच्या शेजारी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. कुष्ठरोग्याला त्या काळी जगात कोठेही माणसात जागा नव्हती. घरचे त्याला टाकत आणि गाव त्याला हाकलून देई. हे बंधू त्यांच्या जखमा धूत, त्यांना भरवीत, त्यांच्याजवळ बसत. आणि त्या रोग्यांची व्यथा समजून घेणारा, त्यांच्या भाषेत त्यांना धीर देणारा मुख्य दुवा गोन्सालोच होते. स्वतः दाराबाहेर राहिलेल्या माणसाला दाराबाहेर टाकलेल्यांची भाषा अधिक लवकर कळते, असेच म्हणावे लागेल. ओसाका येथेही या बंधूंनी मठ स्थापिला आणि त्याला बेथलेहेम हे नाव दिले.

पहाऱ्यातील नाताळ

१५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे संपत्तीने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने त्यातील माल जप्त केला. धर्मप्रसारकांच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येते, अशी बढाई जहाजावरील एका नाविकाने मारली, असे सांगितले जाते. या गोष्टीविषयी इतिहासकारांत एकमत नाही, परंतु हिदेयोशीचा संशय पराकोटीला गेला, हे खरे. वसईचा अनुभव असलेल्या आपल्याला तो संशय अगदीच निराधार होता असेही म्हणता येणार नाही. मात्र त्याचा प्रहार झाला तो सैन्यावर नव्हे, आरमारावर नव्हे, तर कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या निःशस्त्र माणसांवर. सत्तेच्या भांडणात बळी जातो तो बहुधा असाच.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंधूंच्या मठांभोवती सैनिकांचा वेढा पडला. त्या वर्षीचा नाताळ गोन्सालो आणि त्यांचे सोबती यांनी पहाऱ्यात घालविला. बाहेर पडण्यास मज्जाव, पुढे काय होणार याची वार्ता नाही, आणि अंतरात बाळ येशूच्या जन्माचा सोहळा. सजावट नव्हती, मेजवानी नव्हती. जेथे जागा मिळाली नाही तेथेच देव जन्मतो, हा नाताळचा मूळ अर्थ मात्र त्या कोंडलेल्या मठात जितका खरा झाला तितका तो क्वचितच कोठे झाला असेल.

नवे वर्ष उजाडले आणि ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोमध्ये या बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता, पण अंमलदाराने तो सौम्य केला. मग त्यांना गाड्यांत बसवून नगरातून फिरविण्यात आले. नंतर ओसाका, साकाई अशी धिंड काढीत, भर हिवाळ्यात, शेकडो मैलांवरील नागासाकीकडे त्यांना नेण्यात आले. ती वाट कापण्यास सुमारे एक महिना लागला. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे भाविक पकडले गेले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन बंधू, तीन जपानी जेज्विट आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सुतार होता, वैद्य होता, स्वयंपाकी होता. बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता, तेरा वर्षांचा अंतोनियो होता. चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आपल्या वडिलांबरोबर चालत होता. त्याने वाटेतून आपल्या आईला निरोपाचे पत्र लिहिले. ते पोहोचले नाही; पित्याच्या मृत देहावर रक्ताने माखलेले सापडले.

त्यांच्यात मेक्सिकोचा तरुण फेलिपे दे हेसूस हाही होता. धर्मगुरूची दीक्षा घेण्यासाठी तो मायदेशी निघाला होता आणि त्याच वादळी जहाजावर होता. वादळाने त्याला आईकडे न नेता क्योटोला आणून सोडले. वसईचा नाकारलेला सेवक आणि मेक्सिकोचा वाट चुकलेला तरुण, जगाच्या दोन टोकांचे हे दोघे एकाच रस्त्यावर पावले टाकीत होते.

निशिझाकाची टेकडी

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी नागासाकीजवळील निशिझाका नावाच्या टेकडीवर सव्वीस क्रूस मांडून ठेवले होते. कैद्यांची रांग टेकडीवर चढली तेव्हा गोन्सालो आघाडीवर होते आणि पोहोचताच त्यांनी आपला क्रूस कोणता याची चौकशी केली, असे परंपरेने सांगितले आहे. दाखविलेल्या क्रूसापाशी ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. आयुष्यभर जे दार ते शोधत होते ते त्यांना त्या लाकडाच्या रूपाने सापडले, असे मानूनच भाविक हा प्रसंग आजवर सांगत आले आहेत.

लोखंडी कड्यांनी व दोरांनी त्यांना क्रूसांवर बांधण्यात आले, क्रूस उभे करण्यात आले आणि भाल्यांनी त्यांचे प्राण घेण्यात आले. पॉल मिकी या जपानी जेज्विटाने क्रूसावरूनच हिदेयोशीला क्षमा केली. बालकांनी स्तोत्रे गायिली. गोन्सालोंचे वय तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते. मारणाऱ्यांना शाप न देता, शस्त्र न उचलता, त्यांनी देह ठेवला. पाण्याच्या त्या तीरावर वसईचा एक पुत्र विसावला.

पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि तो धर्म नामशेष झाला असे जगाने मानले. १६२७ मध्ये या सव्वीस जणांना धन्यपद मिळाले आणि ८ जून १८६२ रोजी नववे पायस यांनी रोममध्ये त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, मार्च १८६५ मध्ये, नागासाकीतील ओउरा येथे या सव्वीस हुतात्म्यांच्या नावे बांधलेल्या नव्या चर्चच्या दाराशी काही जपानी स्त्रीपुरुष भीतभीत आले आणि त्यांनी तेथील फ्रेंच धर्मगुरूला आपली ओळख सांगितली. धर्मगुरू नाही, देऊळ नाही, पुस्तक नाही, अशा स्थितीत अडीचशे वर्षे त्यांच्या घराण्यांनी आपली श्रद्धा उराशी गुप्तपणे जपली होती. निशिझाकाच्या टेकडीवर १९६२ मध्ये सव्वीस संतांच्या कांस्यमूर्ती उभारण्यात आल्या. त्यांत वसईचे गोन्सालोही उभे आहेत.

दुःखाचा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणसाच्या वाट्याला दुःख का येते? आपल्या घरांत याचे उत्तर बहुधा प्रारब्धाच्या भाषेत दिले जाते. मागील जन्मीचे संचित भोगल्यावाचून सुटका नाही, असे वडीलधारे समजावितात. ख्रिस्ती श्रद्धा मागील जन्म मानत नाही, म्हणून ती या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहते. शुभवर्तमानात एका जन्मांध माणसाची कथा आहे. हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, असे शिष्यांनी येशूला विचारले. येशूने पापाचा तो हिशेब बाजूला सारला. याच्या ठायी देवाचे कार्य प्रकट व्हावयाचे आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले आणि लगेच त्या माणसाला दृष्टी दिली. ख्रिस्ती माणूस दुःखाकडे पाहताना ते कोठून आले यापेक्षा देव त्यातून काय घडवील, हे विचारतो, ते या कथेमुळे.

याचा अर्थ असा नव्हे की दुःख चांगले आहे, किंवा अन्याय ही देवाची इच्छा आहे. गोन्सालोंना वंशामुळे नाकारले गेले, ती माणसांची चूकच होती. कान कापणे हे क्रौर्यच होते. देव चूक घडवीत नाही, पण घडलेली चूकही तो वाया जाऊ देत नाही, असा हा विश्वास आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथातील योसेफाला त्याच्या भावांनी विकले, ते पापच होते. परंतु तोच योसेफ पुढे मिसर देशात दुष्काळाच्या वेळी त्याच भावांचा अन्नदाता झाला. स्वतः येशूचा क्रूस हे तर या विश्वासाचे केंद्रच होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू घडला आहे, ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या लेकराला असाध्य व्याधी जडली आहे, त्याला जाऊन ही सारी देवाची योजना आहे असे सांगणे फार सोपे असते आणि फार निष्ठुरही असते. गोन्सालोंच्या चरित्रातून हा सोपेपणा निघत नाही. क्योटोच्या कुष्ठरोग्यांना त्यांनी प्रथम औषध दिले, अन्न दिले, सोबत दिली. दुःखाचा अर्थ दुसऱ्यावर लादता येत नाही. तो ज्याचा त्याने, आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना, देवासमक्ष शोधावयाचा असतो. शेजाऱ्याचे काम एवढेच की त्या शोधात त्याला एकटे सोडू नये.

आपल्या परंपरेतही याहून वेगळे सांगितलेले नाही. महायुद्ध संपून श्रीकृष्ण द्वारकेस निघाले तेव्हा कुंतीमातेने त्यांच्याजवळ संकटेच मागितली, असे भागवतकार सांगतात, कारण संकटात भगवंताचे दर्शन होत होते. कुंतीने दुःखाची हौस धरली नव्हती. दुःखात जो सोबती भेटला त्याची ताटातूट तिला सोसवत नव्हती. निशिझाकाच्या टेकडीवर क्रूसाला मिठी मारणाऱ्या वसईच्या पुत्राचे अंतःकरण ओळखण्यास कुंतीच्या या मागण्याइतकी जवळची खूण आपल्याला दुसरी मिळणार नाही.

वसईच्या किल्ल्यात आज गेले तर तट ढासळलेले दिसतात, वडापिंपळाच्या मुळ्यांनी कमानी कवळलेल्या दिसतात. ज्या साम्राज्याने तो किल्ला बांधला ते लयास गेले. मराठ्यांची सत्ता आली आणि गेली, इंग्रजांची आली आणि गेली. किल्ल्यातील जुन्या जेज्विट चर्चला मात्र लोक आजही गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखतात आणि गास गावचे चर्चही त्यांच्याच नावाचे आहे. वसईत ख्रिस्ती मंडळी आपल्या चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळातील घंटा आणि चिमाजी आप्पांच्या विजयानंतर आपल्या क्षेत्रांत आलेल्या घंटा यांची धातू एकच आहे. कोणी कोणत्या दारी ती टांगली यावरून तिचा नाद बदलत नाही.

या नाताळच्या रात्री वसईच्या गोठ्यांतून दिवे उजळतील. त्या प्रकाशात आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या आयुष्यातील एखाद्या बंद दाराची आठवण करावी. ते दार का बंद झाले हे कदाचित आजही कळणार नाही. गोन्सालोंनाही आठ वर्षांच्या सेवेनंतर ते कळले नव्हते. ते चालत राहिले, भाषा शिकत राहिले, सेवा करीत राहिले, आणि चालता चालता त्यांची वाट देवाची वाट झाली. ती श्रद्धा आणि तो धीर परमेश्वर घराघराला देवो.